कामी आलेले आणि निकामी झालेले

लढाईत मेलेल्या माणसाबद्दल मराठीत ‘तो कामी आला’ असं म्हणतात. त्याच लढाईतून हात गमावून परत आलेल्याचा हात ‘निकामी झाला’ असं म्हणतात. दोघं शेजारी शेजारी लढलेले असतात. एकाच तोफेचा गोळा दोघांच्या मधे पडलेला असतो. तरी भाषा एकाला कामाचा ठरवते आणि दुसऱ्याला बिनकामाचा.

भाषेत हे असंच आलेलं नाही. मेलेल्या सैनिकाचं काय करायचं, हे समाजाला नीट ठाऊक असतं. त्याचा पुतळा होतो, चौकाला नाव मिळतं, वर्षातून एकदा हार पडतो. अर्धवट जिवंत परतलेल्याचं काय करायचं, हे मात्र कुणालाच धड ठरवता येत नाही. तो रोज दिसतो, त्याला भूक लागते, आणि तो अजून तीस-चाळीस वर्षं जगणार असतो.

या लेखातला प्रश्न त्या तीस-चाळीस वर्षांचा आहे. युद्धात जायबंदी झालेल्या माणसाला जे पैसे मिळतात, ते नेमकं काय असतं? दया, बक्षीस, नुकसानभरपाई, की त्याच्या हक्काचं थकलेलं देणं? आणि ते देणं असेल, तर त्याला त्यासाठी हात का जोडावे लागतात?

दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याच्या फौजेची दाणादाण उडाली. हाच खान विजापूरहून निघून तुळजापूर, पंढरपूर करत वाईला आला होता, असं बखरी सांगतात. म्हणजे या मोहिमेची एक वाट आजच्या धाराशिव जिल्ह्यातून गेलेली आहे. शाळेच्या पुस्तकात आपली गोष्ट वाघनखांपाशी संपते. कृष्णाजी अनंत सभासदांची बखर मात्र तिथे थांबत नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेल्या या बखरीत लढाईनंतरचा हिशोब आहे.

तो हिशोब थोडक्यात असा. जे मेले आणि ज्यांना मुलगे होते, त्यांच्या मुलांना चालवलं, म्हणजे त्यांच्या पोटाची सोय लावली. ज्यांना मुलगे नव्हते, त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या निम्म्या पगाराची नेमणूक करून दिली. आणि जे जखमी झाले, त्यांना जखम पाहून माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. होन म्हणजे सोन्याचं नाणं, तेव्हाच्या तीन-साडेतीन रुपयांच्या आसपासचं.

या चार ओळींत बरंच काही दडलेलं आहे. पहिली गोष्ट म्हणजे इथे बायकोचा हिशोब वेगळा मांडलाय. तिला मिळालं ते पगाराचा भाग म्हणून मिळालं. पगाराशी जोडलेली रक्कम ही खुशीच्या बक्षिसापेक्षा वेगळ्या जातीची असते. बक्षीस देणाऱ्याच्या मनावर ठरतं, पगार कामावर ठरतो. नवरा मेला तरी त्याचं काम संपलेलं नाही, त्याचा निम्मा पगार चालू राहील, असं त्या नेमणुकीचं म्हणणं आहे.

पुढे पेशवाईत याच जातीच्या नेमणुकांना ‘बालपरवेशी’ म्हणत. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेली जमीन किंवा रक्कम म्हणजे बालपरवेशी. मूळ शब्द फारसीतला परवरिश, म्हणजे सांभाळ. राज्याने दफ्तरात या खर्चाला स्वतःचं नाव द्यावं, याचा अर्थ तो खर्च एका राजाच्या एका दिवसाच्या मोठ्या मनापुरता राहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, रक्कम जखमेप्रमाणे आहे. कोण कुठल्या घराण्यातला, कोण कुणाचा मेहुणा, हे मोजमाप बखरीत नाही. शरीर पाहून आकडा ठरलाय.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. या वर्णनात अर्ज नाही. कुणी विनंती लिहून दिली, कुणी साक्षीदार आणले, कुणी दरवाजात थांबून राहिलं, असं काही नाही. जखम बघायला राज्य जखमीकडे गेलं. बखरकार आपल्या राजाचं गुणगान करणार, हे धरूनही एक गोष्ट उरते. चांगलं राज्य कसं वागतं हे सांगताना त्या काळच्या माणसाला ही कृती सांगावीशी वाटली. म्हणजे ‘न मागता मिळावं’ ही अपेक्षा त्या काळच्या मनातही होती.

अर्जाचा जन्म

आता तिथून हजारो मैलांवर जाऊ. इंग्लंडमध्ये प्रतापगडाच्या ६६ वर्षं आधी, १५९३ मध्ये राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटने एक कायदा केला. स्पेनविरुद्धच्या लढायांतून, नेदरलँड्स आणि फ्रान्समधून लंगडत परतलेले शिपाई रस्त्यांवर भीक मागत होते. लोकांना त्यांची दया येत होती, आणि भीतीही वाटत होती. मग ठरलं की प्रत्येक गावपंचक्रोशीवर एक छोटा साप्ताहिक कर बसवायचा, आणि त्यातून जायबंदी शिपायांना पेन्शन द्यायची. साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड, अधिकाऱ्यांना त्याहून जास्त. युरोपात संबंध देशाला लागू होणारी अशी ही बहुधा पहिलीच व्यवस्था.

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला. पण हक्कासोबत अर्जही आला. शिपायाने आपल्या कप्तानाचा दाखला आणायचा, जिल्ह्याच्या न्यायाधीशांसमोर तिमाही सभेत जायचं, आणि कर गोळा झाला असेल, कुणाची जागा रिकामी असेल, तर पेन्शन मिळायची. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. मग लेखनिकाला पैसे देऊन अर्ज लिहून घ्यायचा आणि खाली फुली मारायची. इंग्लंडच्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे अर्ज आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांचा साचा एकच. आधी नम्रता, मग कुठली लढाई, मग जखमांची यादी, मग घरात बायको आणि लहान मुलं किती, शेवटी ‘आता काम होत नाही’.

हे वाचताना आपल्याला ओळखीचं काही वाटलं, तर नवल नाही. तहसील कचेरीबाहेर टपरीत बसलेला अर्जनवीस आजही याच क्रमाने लिहितो.

त्या साच्यात एक विचित्र अट लपलेली आहे. पेन्शन हवी असेल तर सैनिकाने आपण किती शूर होतो ते सांगायचं, आणि त्याच दमात आपण आता किती दुबळे झालोय तेही सांगायचं. शौर्य कमी सांगितलं तर हक्क कमी होतो. दुबळेपण कमी सांगितलं तर गरज कमी ठरते. ज्या माणसाने आयुष्यभर वेदना दाबून धरायला शिकलंय, त्याला आता ती अंगणात मांडून दाखवावी लागते. मोबदला मिळतो, पण वाटेत मान खाली जाते.

मग असं का करतात? उत्तर सोपं आहे. खोटे लोकही येतात. इंग्लंडच्या रस्त्यांवर शिपाई असल्याचं सोंग करणारे भिकारी होते. आपल्या मराठवाड्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं न्यायालयांपर्यंत गेली. सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा, त्यामुळे तपासणी हवीच, हे कुणीही मान्य करेल.

प्रश्न तपासणीचा नाही, तिचं ओझं कुणी उचलायचं याचा आहे. एका खोट्याला पकडण्यासाठी दहा खऱ्यांना हेलपाटे घालायला लावायचे, की दहा खऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी एखादा खोटा सुटण्याचा धोका पत्करायचा? दोन्हीत काही ना काही नुकसान आहे. फरक एवढाच की पहिल्यात नुकसान जखमी माणसाचं होतं आणि दुसऱ्यात सगळ्यांचं थोडं थोडं. एकट्या लंगड्या माणसाने उचलण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून उचललेलं ओझं बरं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात जवळपास हीच दिशा धरली. भरतीच्या वेळी नोंदींत आजार नसेल, तर माणूस धडधाकट होता असं मानायचं. पुढे तो वैद्यकीय कारणाने बाहेर पडला, तर आजार सेवेमुळे आला असं गृहीत धरायचं. तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सैन्याची, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. कायद्याच्या भाषेतलं हे वाक्य नैतिक अर्थाने फार मोठं आहे. जखमेपर्यंत चालत जाण्याचं काम ते पुन्हा राज्यावर टाकतं.

हरलेल्यांच्या जखमा

आता अवघड भागाकडे येऊ. प्रतापगडाची गोष्ट आपल्याला आवडते, कारण ती जिंकलेल्या बाजूची आहे. पण धाराशिवच्या मातीत उभं राहून विचार केला तर चित्र वेगळं दिसतं.

नळदुर्ग आदिलशाहीचा. परांडा निजामशाहीचा, मग आदिलशाहीचा. १६३४ मध्ये मोगलांनी परांड्याला वेढा घातला आणि हात हलवत परतले, पण पुढे मोगलांचा अंमल आलाच. मग हैदराबादचा निजाम. ११ मार्च १७९५ ला परांड्यापासून जवळच, खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले, आणि तहात परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख मराठ्यांना द्यायचं ठरलं. मग पुन्हा निजाम. मधे सात वर्षं इंग्रज. मग पुन्हा निजाम. १९४८ नंतर भारत.

या सगळ्या फौजांत मराठी बोलणारी माणसं होती. आदिलशाहीत होती, निजामशाहीत होती, मोगलांकडे होती, निजामाकडेही होती. खानाच्या फौजेतही मराठे सरदार होते. दुष्काळ पडला, जमीन पिकली नाही, की जो पगार देईल त्याच्याकडे माणूस जायचा. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ ही तेव्हाची निष्ठा होती, आणि मीठ दर पिढीत वेगळ्या हातून येत होतं.

मग प्रतापगडाखाली खानाच्या बाजूने लढताना ज्याचा पाय तुटला, त्याचं काय? खानाच्या पकडलेल्या लोकांना अन्न, वस्त्र, पैसे देऊन घरी जाऊ दिलं, असं इतिहासकार सांगतात. ते माणुसकीचं होतं. पण त्या माणसाला पुढच्या तीस वर्षांसाठी कुणी काही देणं लागत होतं का?

इंग्लंडला याच प्रश्नाने फिरवून मारलं. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. पार्लमेंटने आपल्या जायबंदी शिपायांना आणि विधवांना सांभाळायचं वचन दिलं. राजाकडून लढलेल्यांना काही नाही. १६६० मध्ये राजेशाही परत आली, आणि १६६२ च्या कायद्याने पेन्शनवर हक्क राजाकडून लढलेल्यांचा झाला. तीच कचेरी, तोच साचा, तोच कर. फक्त कालचे पेन्शनर आजचे गद्दार ठरले. ज्याचा पाय १६४४ मध्ये तुटला होता, त्याचा पाय १६६२ मध्येही तुटलेलाच होता. बदलली होती ती बाजू.

इथे दोन विचार समोरासमोर येतात. पहिला म्हणतो, पेन्शन हे कार्याचं देणं आहे. आमच्यासाठी लढलास, आम्ही देऊ. आमच्याविरुद्ध लढलास, ज्याच्यासाठी लढलास त्याच्याकडे माग. यात तर्क आहे. दुसरा म्हणतो, साधा शिपाई बाजू निवडत नाही, बाजू त्याला निवडते. तो ज्या गावात जन्मला, त्या गावचा महसूल ज्याच्याकडे जातो, त्याच्या फौजेत तो जातो. मग त्याच्या शरीराचं मोल त्याच्या राजाच्या नशिबावर का टांगायचं?

मला दुसरा विचार जास्त पटतो, आणि त्याचं कारण भावनेचं नाही, हिशोबाचं आहे. राज्य बदलतं तेव्हा नवा राजा जुन्या राजाचा महसूल घेतो. किल्ले, तोफा, दफ्तरं, खजिना घेतो. परांड्याची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली. ५५ टनांच्या आसपासची ती तोफ अजून तिथे बुरुजावर आहे आणि पर्यटक तिच्यासोबत सेल्फी काढतात. जो वारसा घेतो, तो वारशावरचं कर्जही घेतो, हे आपण घरच्या वाटणीत सहज मान्य करतो. जमीन मला आणि सोसायटीचं कर्ज कुणालाच नाही, असं चालत नाही. मग राज्याच्या वाटणीत जायबंदी माणसंच तेवढी वाऱ्यावर का?

गंमत म्हणजे वरच्या माणसांच्या बाबतीत हा नियम पाळला गेलाय. १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तेव्हा त्यांना वर्षाला ८ लाख रुपयांची पेन्शन ठरली आणि ते बिठूरला राहायला गेले. हरलेल्या राजाला पेन्शन देणं कंपनीला राजकारण म्हणून परवडलं. त्याच्यासाठी खडकीला, कोरेगावला, आष्टीला लढताना जे लुळे-पांगळे झाले, त्या साध्या शिपायांसाठी अशा कराराचं कलम नव्हतं. हरण्याची किंमत शिपायाने दिली, आणि हरण्याची पेन्शन पेशव्याला मिळाली.

पैसे कुणाच्या खिशातले?

राज्य देतं, राजा देतो, सरकार देतं, असं आपण म्हणतो. यातल्या कुणाचाही स्वतःचा खिसा नसतो.

धाराशिव जिल्ह्याने ही गोष्ट फार उघडपणे पाहिली आहे. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिच्यावर हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा. खर्च थकला. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीकडे लावून दिला, या फौजेच्या खर्चासाठी. नळदुर्गच्या किल्ल्यात बसून मेडोज टेलर हा अधिकारी इथला कारभार पाहू लागला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत निजामाकडे गेले.

म्हणजे सात वर्षं या जिल्ह्यातली ज्वारी, तूर, जवस विकून भरलेला शेतसारा सरळ एका फौजेच्या पगाराला तारण होता. शेतकरी आणि शिपाई यांच्यामधला राजा क्षणभर बाजूला झाला आणि खरं नातं दिसलं. एकाने पिकवायचं, दुसऱ्याने लढायचं, आणि दोघांनाही विचारायचं नाही.

म्हणून ‘सरकारने सैनिकांना किती द्यावं’ हा प्रश्न खरं तर ‘आपण एकमेकांना किती देणं लागतो’ असा आहे. आणि तसा विचारला की लगेच एक रास्त आक्षेप येतो. सैनिकालाच का? तो स्वखुशीने भरती झाला. धोका माहीत होता. पगार घेतला. विजेच्या खांबावरून पडलेला वायरमन, गटारात उतरलेला कामगार, यांच्या जखमा काय कमी लाल असतात?

या आक्षेपाला ‘देशासाठी’ असं एका शब्दात उत्तर देऊन चालणार नाही. नीट उत्तर द्यायला हवं.

सैनिकाची संमती एका विचित्र जातीची असते. ती एकदाच घेतली जाते. भरतीच्या दिवशी तो ‘हो’ म्हणतो, आणि त्यानंतर त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. बाकीच्या नोकरीत काम जिवावर आलं तर राजीनामा देता येतो. हल्ल्याच्या आदल्या रात्री सैनिकाने निघून जायचं ठरवलं, तर तो गुन्हा ठरतो. पगार दिवसांचा दिला जातो. पण पुढे कुठली जखम होणार, हे दोघांनाही ठाऊक नसतं, त्यामुळे तिची किंमत त्या पगारात धरलेली असूच शकत नाही. नकार देण्याचा हक्क ज्याने काढून घेतला, त्या नकाराअभावी जे झालं त्याचं देणं त्याच्यावरच येतं.

यातून एक माप हाती लागतं. ज्याला नकार देण्याची सोय जितकी कमी, त्याचं आपल्यावर देणं तितकं जास्त.

आणि हे माप हातात घेतलं की ते सैनिकापाशी थांबत नाही. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. आज धाराशिव-बीडच्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात, ते ऊसतोडीला. हंगाम जवळपास तोच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, घरात खर्च झालेली. फडात हात तुटला, मोळी वाहताना पाठ गेली, तरी उचल फिटलेली नसते. कागदावर तो स्वखुशीने आलेला असतो. नकार देण्याची सोय मात्र त्याने उचल घेतली त्या दिवशीच संपलेली असते.

सैनिकाला दिलेला मान कमी करून हा प्रश्न सुटणार नाही. सैनिकासाठी चारशे-पाचशे वर्षांत जे तत्त्व जगाने हळूहळू कमावलं, ते त्याच्या मापाने जिथे बसतं तिथे न्यायला हवं.

एकरकमी की आयुष्यभर?

सभासदांच्या हिशोबात एक गोष्ट मनात राहते. विधवेला निम्मा पगार, म्हणजे चालू राहणारं काही. जखमीला मात्र एकदाच होन. दोनशे होन ही मोठी रक्कम होती. पण ती एकदा हातात पडली की राज्याचं आणि त्या जखमी माणसाचं खातं मिटलं.

हा फरक आज फार जवळचा झालाय. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांसाठी. त्याला नेहमीची पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं, तर टक्केवारीप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख रुपये एकरकमी मिळतात, शिवाय उरलेल्या सेवाकाळाचा पगार आणि सेवानिधी. नेहमीच्या भरतीतल्या जवानाला मात्र अपंगत्वाचा भाग दरमहा, आयुष्यभर मिळत राहतो. भूम-परांड्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुलं हे आकडे मोबाइलवर पाहतात आणि आपापला हिशोब लावतात.

एकरकमीची बाजूही ऐकायला हवी. रोख हातात आली की माणूस मोकळा असतो. विहीर पाडेल, दुकान टाकेल, कुणाच्या दारात उभं राहायला नको. आयुष्यभराचं वचन हे शेवटी वचनच असतं, आणि वचनं मोडतात. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशन बसलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इनामांच्या सनदा पुन्हा मागितल्या गेल्या आणि कित्येक इनामं गेली. आजोबाच्या जखमेवर मिळालेली जमीन नातवाला सिद्ध करायची होती. अशा वेळी वाटतं, त्यापेक्षा होन बरे.

तरीही दोन्ही पर्याय सारखे नाहीत. एकरकमी रक्कम म्हणते, ‘तुझं झालेलं नुकसान आम्ही मोजलं, हे घे.’ दरमहा मिळणारी रक्कम म्हणते, ‘तुझं नुकसान रोज होतंय, हे आम्हाला ठाऊक आहे.’ तुटलेला पाय ही एका दिवसाची घटना नाही. तो रोज सकाळी उठल्यावर तुटलेला असतो. विशीत त्याचा त्रास वेगळा आणि साठीत वेगळा. ज्या नुकसानाला शेवट नाही, त्याचा हिशोब एका चेकने मिटत नाही. २१ वर्षांच्या मुलाच्या हातात ४४ लाख देताना आपण त्याला मोकळं करतो, पण त्याहून जास्त आपण स्वतःला मोकळं करून घेतो.

‘इनव्हॅलिड’

फोनमध्ये पासवर्ड चुकला की ‘इनव्हॅलिड’ असं येतं. अवैध, अमान्य. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये जायबंदी सैनिकांसाठी पॅरिसमध्ये जे भव्य निवासस्थान काढायचा हुकूम दिला, त्याचं नाव ‘अँव्हालिद’, तोच शब्द. इंग्लंडनेही १६८२ मध्ये चेल्सीला तशी संस्था सुरू केली. दोन्ही वास्तू आज शहराच्या शोभा आहेत. पण नाव बघा. घर दिलं, जेवण दिलं, गणवेश दिला, आणि दारावर लिहिलं ‘अमान्य’. आपल्या सैन्यातही वैद्यकीय कारणाने बाहेर पडणाऱ्यासाठी इंग्रजीत हाच शब्द चालत आला. गावात म्हणतात, ‘तो बोर्ड आउट झाला.’ निकामी, अमान्य, बोर्ड आउट. तीन भाषा, एकच शिक्का.

नळदुर्गच्या पुलाजवळ १३ सप्टेंबर १९४८ ला हवालदार बचित्तर सिंह लढत होते. मांडीला गोळी लागली, ते पडले, पण रांगत पुढे गेले, हातबॉम्ब टाकले आणि समोरची मशिनगन बंद पाडली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांचा मान कुणीही कमी करू नये. पण एक विचार करून बघायला हरकत नाही. ते त्या दिवशी वाचले असते, आणि त्या मांडीसकट पन्नास वर्षं जगले असते, तर? धैर्य तेच असतं, रांगणं तेच असतं. पण मग सन्मानासोबत एक फाइलही उघडली असती, तीत अपंगत्वाची टक्केवारी लिहिली गेली असती, आणि दर काही वर्षांनी कुणीतरी विचारलं असतं की जखम अजून तशीच आहे का.

आज प्रत्येक पेन्शनर वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला बँकेत जातो, किंवा आता फोनसमोर चेहरा धरतो. व्यवस्था म्हणून त्यात वावगं काही नाही. मेलेल्यांच्या नावावर पैसे जाऊ नयेत, हे खरंच. पण दाखला नेहमी एकाच बाजूने मागितला जातो. ‘तू अजून आहेस का?’ असं सरकार दरवर्षी विचारतं. ‘तुम्ही अजून आहात का?’ असं त्याने कुणाला विचारायचं?

म्हणून चांगल्या राज्याची एक साधी कसोटी सुचते, आणि त्यासाठी राजा लागत नाही. जखमी माणूस आणि कचेरी यांच्यातलं अंतर कोण चालतं, ते बघायचं. परांड्याच्या एखाद्या गावातल्या एका पायाच्या माणसाने दोन एसट्या बदलून धाराशिवला यायचं, की धाराशिवच्या कचेरीने त्याच्या गावात जायचं? दोन पाय कचेरीकडे आहेत.